पाय त्याचा, बूट यांचा

खेळाचं सामान विकणाऱ्या कंपनीचं बरं चाललेलं असतं. कुणी चेंडू विकत असतं, कुणी घाम टिपणारे टी-शर्ट, कुणी सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी मऊ बूट. वर्षअखेरचे आकडे छान येतात, भागधारक खूश असतात, आणि मग एका बैठकीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवत म्हणतं, "आपण बास्केटबॉलचे बूट का काढत नाही?" या प्रश्नाला "कशाला?" असं उत्तर मिळाल्याची नोंद कुठल्याही कंपनीच्या इतिवृत्तात सापडायची नाही.

खरं तर तेच विचारायला हवं. अमेरिकेत या बुटांच्या बाजारावर नायकी आणि तिचाच जॉर्डन ब्रँड ठाण मांडून बसले आहेत. बाकीच्यांनी उरल्यासुरल्यावर भागवायचं. गिऱ्हाईकही मोठं विलक्षण. बास्केटबॉलचे बूट घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना बास्केटबॉल खेळायचाच नसतो. त्यांना ते घालून कॉलेजात जायचं असतं, मॉलमध्ये हिंडायचं असतं, फार तर चुलतभावाच्या हळदीत नाचायचं असतं. घोट्याला आधार किती मिळेल, अशी चौकशी करणारा माणूस दुकानात शिरला तर विक्रेताच दचकेल.

तरी कंपन्या येत राहतात. ऑक्टोबर 2023 मध्ये स्केचर्स आली. ज्युलियस रँडल आणि टेरन्स मान हे दोन खेळाडू घेऊन कंपनीने बास्केटबॉलच्या बुटांची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी जोएल एम्बीडला आपल्याकडे ओढलं. एम्बीड म्हणजे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, 2023 चा सर्वोत्तम खेळाडू, उंची सात फूट. स्केचर्स म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसहाला दादरच्या शिवाजी पार्कला फेरी मारावी आणि मान खाली घालून चालावं. निवृत्त बँक अधिकारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, त्यांना फिरायला आणणारे काका, यातल्या बऱ्याच जणांच्या पायात काय असतं ते दिसेल. ज्या बुटात पाय सरकवताना हात लावावा लागत नाही, वाकावंही लागत नाही, अशा बुटांचा या कंपनीला विशेष अभिमान आहे. सात फुटी माणसाचं वाकणं वाचवायचं, हे तसं तर्काला धरूनच झालं. पण सोसायटीतल्या जोशीकाकांच्या पायातला ब्रँड सोळा वर्षांच्या पोराने कौतुकाने घालावा, यासाठी नुसता सात फुटी माणूस पुरतो का, हा प्रश्न उरतोच.

या धंद्याची सुरुवात मात्र अगदी साध्या माणसाने केली. त्याचं नाव चक टेलर. कॉन्व्हर्स ही मॅसॅच्युसेट्समधली रबरी बुटांची कंपनी. 1917 मध्ये तिने 'ऑल स्टार' हा बूट काढला आणि 1921 मध्ये टेलर विक्रेता म्हणून नोकरीला लागला. गाडीच्या डिकीत बूट भरायचे आणि गावोगाव हिंडायचं, हा त्याचा पुढच्या कितीतरी वर्षांचा दिनक्रम. एखाद्या गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत तो पोरांना फुकट धडे द्यायचा, चेंडू कसा फेकावा, पास कसा द्यावा ते दाखवायचा. पोरं भारावून जायची, प्रशिक्षक आभार मानायचा. मग टेलर त्या गावातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानदाराचं नाव सांगायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. गिऱ्हाईकही खूश, दुकानदारही खूश. विक्रीसाठी जोडे झिजवणं म्हणतात ते याने नव्या जोड्यांसह केलं. 1930 च्या दशकात कंपनीने बुटाच्या घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर त्याची सही छापली. आज त्या बुटाला जगभर 'चक' म्हणतात आणि म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना तो कुठल्यातरी महान खेळाडूचा वाटतो. तसा समज व्हावा, अशी व्यवस्था टेलरने स्वतःच करून ठेवली होती. पुढे चरित्रकाराने त्याच्या खेळाडूपणाचे किस्से तपासायला घेतले, तर त्यातले बरेच टिकले नाहीत. विक्रेता मात्र तो अस्सल होता, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

एकदा बुटावर माणसाचं नाव आलं की पुढची वाट ठरलेली. आता माणूस शोधायचा, आणि तो महागच असणार.

1984 मध्ये नायकीला असा माणूस हवा होता. धावण्याच्या बुटांत कंपनीचा दबदबा होता, पण बास्केटबॉलच्या कोर्टावर कॉन्व्हर्सचं राज्य होतं. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, ज्युलियस अर्व्हिंग असे सगळे सरदार तिच्याच पदरी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून आलेल्या मायकेल जॉर्डनचा जीव आदिदासवर जडला होता. नायकीच्या बैठकीसाठी ओरेगॉनला जायलाही तो तयार नव्हता. आईने दटावलं म्हणून विमानात बसला. बड्या कंपन्यांचे सल्लागार 'ग्राहकाच्या निर्णयप्रक्रियेवर प्रभाव टाकणारे घटक' यावर जाडजूड अहवाल लिहितात. बास्केटबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा घटक डेलोरिस जॉर्डन या माउलीचा आवाज होता. वर्षाला पाच लाख डॉलर, पाच वर्षं, असा करार झाला. जॉर्डनचा एजंट डेव्हिड फॉक याने नंतर सांगितलेला हिशोब असा, की चौथ्या वर्षाअखेरीपर्यंत 30 लाख डॉलरचे बूट खपावेत एवढीच नायकीची अपेक्षा होती. पहिल्याच वर्षी खपले 12 कोटी 60 लाखांचे.

हे कसं झालं? नायकीच्या जाहिरात विभागाला विचारलं तर ते जाहिरात दाखवतील. आपण मात्र लीगच्या कार्यालयाकडे बोट दाखवावं. त्या काळी एनबीएचा नियम होता की खेळाडूच्या बुटांचा रंग संघातल्या इतरांशी जुळला पाहिजे. जॉर्डनने काळे-लाल बूट घातले. लीगच्या कुणा शिस्तप्रिय साहेबांनी हरकत घेतली. फेब्रुवारी 1985 मध्ये या बुटांबद्दल लीगने नायकीला रीतसर पत्रही धाडलं. एरवी असलं पत्र कायदा विभागाच्या फायलीत जाऊन पडतं. इथे ते जाहिरात विभागाच्या हाती लागलं आणि तिथे दिवाळी साजरी झाली.

ती जाहिरात आजही बघण्यासारखी आहे. जॉर्डन एका जागी उभा राहून चेंडू या हातातून त्या हातात खेळवतो आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरतो, छातीवरून, गुडघ्यांवरून, पावलांपर्यंत. निवेदक गंभीर आवाजात सांगतो, की नायकीने क्रांतिकारक बूट बनवला आणि एनबीएने तो खेळाबाहेर काढला. तेवढ्यात धाडकन दोन काळ्या पट्ट्या येतात आणि दोन्ही बूट झाकले जातात. सुदैवाने तुम्हाला तो घालण्यापासून एनबीए रोखू शकत नाही, असं निवेदक शेवटी ऐकवतो. विकायचा माल झाकून विकण्याची ही युक्ती. अमेरिकेतल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या डोक्यात त्या पट्ट्यांच्या मागचा बूट जाऊन बसला. दर सामन्याला 5,000 डॉलर दंड व्हायचा आणि तो नायकी भरायची, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. कागदोपत्री पुरावा मात्र फारसा कुणाच्या हाती लागलेला नाही. मौज पुढेच आहे. बुटांच्या इतिहासात डोकं घालून बसलेल्या मंडळींच्या मते, लीगने हरकत घेतली तेव्हा जॉर्डनच्या पायात बहुधा 'एअर जॉर्डन' नव्हतेच, नायकीचेच 'एअर शिप' नावाचे दुसरे बूट होते. म्हणजे बंदी एका बुटावर आणि भाव आला दुसऱ्याला. बिचारे एअर शिप! शिक्षा त्यांनी भोगली आणि सत्कार धाकट्या भावाचा झाला.

बंदीचा हा मंत्र पुढच्यांनीही पाठ केला. 2010 मध्ये एपीएल नावाची नवी कंपनी आली. उडी उंच जावी म्हणून तळव्यात स्प्रिंगसारखी यंत्रणा बसवलेला तिचा बूट होता, किंमत 300 डॉलर. 'अवाजवी फायदा' होतो म्हणून एनबीएने त्यावर बंदी घातली. म्हणजे उडी खरंच उंच जाते, असं प्रमाणपत्र लीगनेच फुकटात दिलं! बातमी फुटताच कंपनीच्या संकेतस्थळावर एवढी गर्दी लोटली की ते बंद पडलं.

एव्हाना वाचकाच्या लक्षात आलं असेल, की या बाजारात ठरवून केलेल्या गोष्टीपेक्षा भलतीच घडलेली गोष्ट जास्त बूट खपवते. विपणनाचे पदवीधर हे मान्य करणार नाहीत, कारण त्यांचे पगार ठरवून करण्याचे असतात.

रिबॉकचंच बघा. 1989 मध्ये तिने 'पंप' काढला. बुटाच्या आत हवेच्या पिशव्या आणि बुटाच्या जिभेवर नारिंगी रंगाचा, बास्केटबॉलच्या आकाराचा छोटा फुगीर गोळा. तो दाबत राहिलं की पिशव्या फुगतात आणि बूट पायाला घट्ट बसतो. हवा सोडायला वेगळी झडप. हा बूट घडवताना ज्या संस्थेची मदत घेतली, तिला दवाखान्यातल्या सलाईनच्या पिशव्यांसारख्या वैद्यकीय वस्तूंचा अनुभव होता. रुग्णालयातलं ज्ञान पायात आलं आणि किंमतही रुग्णालयाच्या बिलासारखीच लागली, 170 डॉलर. नायकीनेही त्याच सुमाराला हवेचा बूट काढला होता, पण त्याचा पंप वेगळा, हातात धरायचा. सामना रंगात आला असताना "जरा थांबा हं, पंप बॅगेत राहिला" असं म्हणण्याची पाळी कुणावर येऊ नये, एवढा विचार रिबॉकने केला होता. बूट लोकांना ठाऊक झाला. पण तो कशाला दाबायचा, कधी दाबायचा, दाबल्यावर काय होतं, याचं दर्शन घडायचं बाकी होतं.

ते घडलं फेब्रुवारी 1991 मध्ये, शार्लट शहरात. एनबीएची डंक स्पर्धा म्हणजे उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबण्याची आतषबाजी. त्यात बॉस्टन सेल्टिक्सचा नवखा डी ब्राउन उतरला. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे या मंडळींत ठेंगणाच. त्याची पाळी आली. तो कोर्टाच्या मध्यावर थांबला. वाकला. प्रेक्षकांना वाटलं नाडी सुटली. त्याने अंगठ्याने बुटाच्या जिभेवरचा नारिंगी गोळा दाबायला सुरुवात केली. एकदा, पुन्हा, मग दुसऱ्या बुटाचा. सगळं स्टेडियम आणि टीव्हीसमोरचा देश एका माणसाला आपल्याच बुटात हवा भरताना बघत होता. मग तो धावला आणि उडाला. शेवटच्या उडीत तर त्याने एक हात डोळ्यांवर आडवा धरला आणि न बघता चेंडू आत टाकला. स्पर्धा जिंकला. जिभेवरचा गोळा दाबणं आपण ठरवून केलं नव्हतं, असं तो पुढे सांगत आला. ठरवून केलं असतं तर त्याआधी सात बैठका झाल्या असत्या, आणि अंगठा उजवा की डावा यावर मतदान घ्यावं लागलं असतं.

किमतीच्या बाजूने विचार करणारेही काही निघाले. 1994 आणि 1995 अशी सलग दोन वर्षं ह्यूस्टन रॉकेट्सला अजिंक्यपद मिळवून देणारा हकीम ओलाजुवॉन, म्हणजे तेव्हाचा सर्वांत मोठा सेंटर. त्याच्यापुढे कुठल्याही कंपनीने गालिचा अंथरला असता. त्याने हात मिळवला स्पाल्डिंगशी. 1876 मध्ये स्थापन झालेली, बास्केटबॉलचे पहिलेवहिले चेंडू बनवणारी, पिढ्यान्पिढ्या खेळाचं सामान विकणारी ही जुनी पेढी. ओलाजुवॉनचं म्हणणं सरळ होतं: तीन मुलं असलेल्या कष्टकरी आईने शंभर-सव्वाशे डॉलरचे बूट कुठून आणायचे? म्हणून त्याच्या नावाचे बूट स्वस्त दुकानांतून सुमारे 35 डॉलरला मिळू लागले. विचार उदात्त होता. गणितही बरोबर होतं. फक्त त्यात आईची बाजू धरली होती आणि बूट घालायचे होते मुलाला. आईला परवडलेला बूट वर्गात घालून जाणं म्हणजे काय, हे त्या वयाच्या मुलाला विचारावं. शर्टाच्या कॉलरवरचं लेबल झाकता येतं, बुटाचं झाकता येत नाही.

2006 मध्ये स्टेफन मार्बरीने हाच प्रयोग आणखी खाली नेला. 'स्टारबरी' बूट, किंमत 14 डॉलर 98 सेंट. आणि हा भला माणूस तेच बूट घालून एनबीएत खेळायचा, हे विशेष. बूट चांगला होता, रांगा लागल्या. पण ते विकणारी स्टीव्ह अँड बॅरीज ही दुकानांची साखळीच 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली.

मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर ओलाजुवॉनचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर याच मोहल्ल्यातले. तिथे खेळ गल्लीतून आणि वायएमसीएच्या अंगणातून वर आला, बुटांच्या शोरूममधून नव्हे. एनबीए आली ती फार नंतर. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले आणि पहिला तर जादा वेळेपर्यंत रंगून पेसर्सने 132–131 असा एका गुणाने घेतला. यजमानाच्या थाटात होते किंग्जचे मालक विवेक रणदिवे. आडनाव ऐकून आपले कान टवकारतात ते उगाच नाही. गृहस्थ जन्माने मुंबईकर. किंग्ज घेण्याआधी त्यांचा छोटा हिस्सा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये होता. आणि वॉरियर्सचं नाव निघाल्यावर या विषयातला सगळ्यात रसाळ किस्सा टाळता येत नाही.

1996 मध्ये केव्हिन प्लँक नावाच्या, विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या तरुणाने आजीच्या घराच्या तळघरात अंडर आर्मर सुरू केली. घामाने जड होणारा सुती टी-शर्ट त्याला नकोसा झाला होता, म्हणून त्याने घाम न धरणारा काढला. कंपनी वाढली आणि यथाकाल त्या बैठकीतला तो प्रश्न तिथेही विचारला गेला. 2010 मध्ये बास्केटबॉलचे पहिले बूट आले, ब्रँडन जेनिंग्जच्या पायात. कुणी फार मनावर घेतले नाहीत. मग वॉरियर्सच्या बाकड्यावर, अगदी टोकाला बसणारा केंट बेझमोर कंपनीच्या ओळखीचा झाला. याची कामगिरी मैदानापेक्षा बाकड्यावर अधिक. सहकाऱ्यांनी गुण मिळवले की हा असा काही नाचायचा की टीव्हीवाले त्याच्याकडे कॅमेरा वळवायचे. कंपनीने त्याला खोकी भरभरून माल पाठवला. त्याच संघात स्टेफन करी खेळायचा.

करी तेव्हा नायकीचा होता. नेमबाज उत्तम, पण घोटे नाजूक; 2011–12 च्या मोसमात तर दुखापतींमुळे जेमतेम 26 सामने खेळलेला. 2013 मध्ये करार नव्याने करायची वेळ आली. करी वडिलांना, डेल करींना, घेऊन नायकीच्या बैठकीला गेला. तिथल्या एका अधिकाऱ्याने मुलाचं नाव 'स्टेफॉन' असं घेतलं. वडिलांनी ऐकून घेतलं. मग पडद्यावर सादरीकरण सुरू झालं आणि एका पानावर चक्क केव्हिन ड्युरंटचं नाव झळकलं. दुसऱ्या खेळाडूसाठी केलेलं सादरीकरण उचलून त्यात नाव बदलायचं राहून गेलं होतं! लग्नपत्रिका छापताना मागच्या गिऱ्हाइकाच्या नवरदेवाचं नाव तसंच राहावं, त्यातला हा प्रकार. वडिलांनी नंतर पत्रकाराला सांगितलं, की त्या क्षणापासून त्यांचं लक्षच उडालं.

तरीही निर्णय होत नव्हता. करीने तीन कंपन्यांचे बूट आपल्या जेमतेम वर्षाच्या लेकीपुढे, रायलीपुढे, ठेवले. तिने पहिला उचलला आणि भिरकावला. तो नायकीचा होता. दुसराही भिरकावला. तिसरा उचलून तिने बाबाच्या हातात दिला. तो अंडर आर्मरचा. कंपनीने वर्षाला 40 लाखांच्या आतबाहेर देऊ केलेले डॉलर नायकीने जुळवले नाहीत, हेही कारण होतंच. पण इतिहास लिहिताना रायलीला वगळून चालणार नाही. इतकं स्वच्छ आणि तातडीचं बाजार-सर्वेक्षण कुठल्याही संस्थेने करून दाखवलेलं नाही.

त्यानंतर नाजूक घोट्यांचा हा माणूस सलग दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसऱ्यांदा तर एकमताने. मार्च 2016 मध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या विश्लेषकाने अंदाज वर्तवला, की हा एकटा अंडर आर्मरला 14 अब्ज डॉलरहून अधिक मोलाचा ठरू शकतो. असे अंदाज आले की कंपनीला स्वतःच्या कल्पनाशक्तीवर भलताच विश्वास वाटू लागतो. जूनमध्ये ऐन अंतिम मालिकेत तिने 'शेफ करी' हा बूट जाहीर केला. पांढराफटक, घोट्याखालचा, निरुपद्रवी. इंटरनेटवरच्या मंडळींना महिनाभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला. कुणी म्हणालं परिचारिकांसाठी छान आहे, कुणी म्हणालं बाबांना रविवारी गवत कापायला होईल. कोर्टावरही ग्रह फिरले. मालिकेत 3–1 अशा आघाडीवर असलेली वॉरियर्स हरली, आणि शेवटच्या सामन्यातला निर्णायक नेम करीच्याच डोक्यावरून प्रतिस्पर्धी संघाच्या कायरी अर्व्हिंगने साधला. त्याच्या पायात त्याच्याच नावाचे बूट होते, आणि ते नायकीचे होते. हा योगायोग कुणी ठरवून आणला असता तर त्याला बढती मिळाली असती. पुढच्या वर्षी करीच्या तिसऱ्या बुटाची विक्री अपेक्षेइतकी नाही, हे कंपनीला स्वतःच सांगावं लागलं. 2020 मध्ये 'करी ब्रँड' असा वेगळा संसार मांडून दिला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दोघांनी काडीमोड घेतला. लगेचच एका सामन्याआधी करी सरावाला उतरला तेव्हा त्याच्या पायांवर सगळे कॅमेरे रोखले गेले. पायात नायकीचे होते.

खेळाडूऐवजी त्याच्या वडिलांनीच कंपनी काढली तर काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. 2017 मध्ये लाव्हार बॉल या पित्याने मुलगा लॉन्झो याच्यासाठी मोठ्या कंपन्यांकडे एक अब्ज डॉलर मागितले. कंपन्यांनी नम्रपणे नकार दिला. तेव्हा बापाने 'बिग बॉलर ब्रँड' काढून मुलाच्या नावाचा बूट बाजारात आणला, किंमत 495 डॉलर. सोबत 220 डॉलरच्या सपाता. ज्याच्या लेकाने अजून एनबीएत एकही सामना खेळलेला नाही त्याने एवढा भाव लावावा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. बापाला वाटलं नाही. उन्हाळी लीगच्या पहिल्या सामन्यात लॉन्झो घरचे बूट घालून उतरला आणि 15 पैकी 2 नेम साधले. थोड्याच दिवसांत तो नायकीचे 'कोबी' नावाचे बूट घालून आला आणि 36 गुण करून गेला. पुढच्या सामन्यांत आदिदास, जॉर्डन असं करत त्याने अख्खी बाजारपेठ पायाखाली घातली. घरचे बूट दर क्वार्टरला नवे बदलावे लागायचे, इतके ते फाटायचे, हे त्याने काही वर्षांनी मोकळेपणाने सांगितलं. दंडावर गोंदवलेलं कंपनीचं चिन्हही पुढे त्याने दुसऱ्या चित्राखाली झाकून टाकलं.

फाटण्याचा विक्रम मात्र बड्या घरातल्या बुटाच्या नावावर आहे. 20 फेब्रुवारी 2019, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, विद्यापीठांमधली सर्वांत कडवी लढत. तिकिटांचे भाव हजारो डॉलरवर गेलेले. प्रेक्षकांत बराक ओबामा. ड्यूकचा झायन विल्यमसन, वजन सुमारे 129 किलो, चेंडू घेऊन वळला. सामना सुरू होऊन मिनिटही उलटलं नव्हतं. डाव्या पायातल्या नायकीचा तळ वरच्या कापडापासून उसवला, मोजा घातलेलं आख्खं पाऊल बाजूने बाहेर आलं आणि झायन गुडघा धरून खाली बसला. ओबामा बोट दाखवून शेजाऱ्याला काय सांगत होते, ते ओठांवरून देशाने वाचलं: बूट फाटला. प्यूमाने तत्परतेने ट्विट केलं, की आमच्या बुटात हे झालं नसतं. मग कुणीतरी वडीलधाऱ्याने कान पिळला असावा, कारण ते ट्विट काढून टाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर सुमारे एक टक्क्याने घसरला. कंपनीने ही एखादी सुटी घटना असल्याचं सांगितलं आणि माणसं कामाला लावली. ती ड्यूकला आली, मग चीनमधल्या कारखान्यापर्यंत पोचली, आणि एका विद्यार्थ्यासाठी खास भक्कम केलेला जोड तयार झाला. तो घालून झायन मार्चमध्ये परतला, पहिल्याच सामन्यात 13 पैकी 13 नेम साधले, आणि सामन्यानंतर त्याने बुटांबद्दल नायकीचे आभार मानले.

जुलैत तो व्यावसायिक खेळाडू झाला, तेव्हा त्याच्या दारात सगळ्या कंपन्यांची रांग होती. ज्यांचा बूट जगासमोर फाटला नव्हता अशाही बऱ्याच जणी त्यात होत्या. करार झाला तो नायकीच्याच जॉर्डन ब्रँडशी.